दहा हजारांत घराची राखण : म्हसरूळच्या एका रो हाउसचं प्रकरण

घर नाशिकला, म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडपासून दोन गल्ल्या आत. तळमजला आणि वर एक मजला. ओळीतलं शेवटचं रो हाउस, त्यामुळे एका बाजूला शेजार आणि दुसऱ्या बाजूला गवत माजलेला रिकामा प्लॉट. राहणारी माणसं तीन : माझी ताई, दाजी आणि दाजींच्या आई. दाजींची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि सगळा गुंता त्या बागेमुळेच आहे. ऑक्टोबरमधली गोडी छाटणी उरकली की डाउनी या बुरशीरोगाच्या धास्तीने पहाटेच्या फवारण्या सुरू होतात, मग ताई-दाजी रात्री मळ्यातच थांबतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणीला आला की परत तेच. म्हणजे हे घर कधी रिकामं असतं याचं वेळापत्रक द्राक्षाची थोडीफार माहिती असलेल्या कुणालाही पाठ असणार. आई कधी मळ्यावर जातात, कधी घरी एकट्या राहतात.

पावसाळा संपता संपता त्याच गल्लीत एक घर फुटलं. माणसं देवदर्शनाला गेली होती. पेपरात चार ओळी आल्या, त्याही नेहमीच्याच : बंद घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी वगैरे. दाजींचा मला फोन आला. "तू कारखान्यात सेन्सरच्याच कामात असतो ना? बसवून दे काहीतरी. पण दहाच्या वर जायचं नाही." मी अंबडला इन्स्ट्रुमेंटेशनच्या मेंटेनन्सला आहे. प्रेशर आणि टेम्परेचर मोजणं वेगळं आणि चोर पकडणं वेगळं, हे दाजींना सांगून उपयोग नव्हता.

अलार्म बघण्याआधी त्या फुटलेल्या घराचं मागचं दार बघून आलो. दार शाबूत होतं. कोयंडा तेवढा पहारीने उपटलेला. पेपरातल्या त्या ठरीव वाक्यात निम्मी तपासणी आलेली असते, आपण वाचून सोडून देतो. बाहेरून लावलेलं कुलूप दोन गोष्टी करतं : घरात कुणी नाही हे लांबूनच सांगतं आणि तोडायला सोयीची जागा देतं. ताईच्या घरीही पुढे-मागे तीच तऱ्हा होती. म्हणून दहा हजारांतला पहिला खर्च बिनतारी यंत्रावर झालाच नाही. पुढच्या दाराला आत बसणारं लॅचचं कुलूप लावलं आणि मागच्या दाराला आतून आडवा लोखंडी अडसर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. मागचं दार आता बाहेरून उघडतच नाही, जाणं-येणं फक्त पुढून. दाजी म्हणाले, "अलार्म सांगितला होता, तू सुताराचं काम काढलं." अलार्म चोराला अडवत नाही, चोर आल्याचं सांगतो. दार तोडायला त्याला पाच-सात मिनिटं लागली तरच त्या सांगण्याला अर्थ. दार अर्ध्या मिनिटात उघडत असेल तर भोंगा वाजून फार तर चोर घाईत उचकापाचक करेल.

फोन कुणाचा वाजणार

दुकानात गेलं की बोलणं सेन्सरपासून सुरू होतं : किती दारं, किती खिडक्या, रेंज किती मीटर. मी उलट्या टोकाने सुरुवात करायला लावली. रात्री अडीच वाजता दार उघडलं, तर जागं कोण होणार आणि बघायला कोण येणार?

दाजी मळ्यात असतात. पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असला की खिशातला फोन वाजलेला कळतसुद्धा नाही. ताईचा फोन जवळ असतो, पण मळ्यातल्या घरात इंटरनेट लंगडं. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो सकाळी रस्त्यावर आल्यावर उतरतात. म्हणजे ज्या अलार्मची सगळी भिस्त अ‍ॅपच्या नोटिफिकेशनवर, तो या घराला चालणार नव्हता. झोपलेल्या माणसाला नोटिफिकेशनच्या एका टिंगने जाग येत नाही. साधा फोन यायला हवा, घंटी वाजत राहायला हवी. आणि मळ्यावरून घरी यायला रात्रीसुद्धा पाऊण तास, म्हणून पहिला फोन घरमालकाला जाऊन उपयोग नाही.

समोरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले काका-काकू राहतात. काकांची झोप कमी. त्यांना मुद्दाम जाऊन विचारलं. ते लगेच तयार झाले, पण काकूंनी अट घातली : "हे खाली उतरून तिकडे जाणार नाहीत." अट अगदी रास्त होती आणि ती तशीच नियम म्हणून ठेवली. फोन आला की काकांनी गॅलरीतला दिवा लावायचा, खिडकीतून बघायचं, काही हालचाल दिसली तर ११२ ला फोन करायचा आणि मग ताईला. घरात शिरायचं नाही. पोलिसांचा नंबर यंत्रात घालावा असं दाजींना वाटत होतं. मी नको म्हटलं. यंत्राचा मुका फोन ११२ वर गेला तर तिथला माणूस विचारणार कोणाला? पत्ता सांगणारं, काय दिसतंय ते सांगणारं माणूस मध्ये हवंच.

एवढं ठरल्यावर यंत्र कसं हवं ते आपोआप बरंचसं ठरलं. सिमकार्डवरून खरा कॉल करणारं, लाइट गेली तरी चालणारं, आणि लाइट गेल्याचं स्वतःहून कळवणारं.

बाजारात काय मिळालं

नुसता कॅमेरा हा पहिला सल्ला सगळेच देतात. कॅमेरा चांगलाच, पण तो झालेलं दाखवतो. रुमाल बांधलेला चोर स्पष्ट दिसतो, बस. शिवाय रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर टीव्हीखाली ठेवलेला असतो आणि चोर तोही काखेत मारून नेतो.

दुसरा पर्याय वायफायचे सुटे सेन्सर. एक-एक विकत घेता येतात, हजाराच्या आसपास मिळतात, अ‍ॅप देखणं असतं. दार उघडलं की झोपलेला सेन्सर जागा होतो, राउटरला जोडला जातो, निरोप कुठल्यातरी सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या फोनवर येतो. या साखळीतली एक कडी तुटली की घर गप्प. देखभालीसाठी लाइट सकाळी गेली की संध्याकाळपर्यंत येत नाही असे दिवस आपल्याकडे येतातच, त्यात राउटर बंद म्हणजे सगळंच बंद. हेच सेन्सर फ्लॅटमध्ये, घरात माणसं असताना, इन्व्हर्टरवर राउटर असताना ठीक आहेत. इथे नव्हते.

तिसरा प्रकार दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या सेन्सरचा, नावाजलेल्या कंपन्यांचा. यातला सेन्सर ठराविक वेळाने पॅनेलकडे, म्हणजे मुख्य यंत्राकडे, हजेरी लावतो. एखादा गैरहजर राहिला, बॅटरी मेली, कुणी काढून टाकला, की पॅनेल ओरडतं. कुणी रेडिओ लहरी दाबायचा प्रयत्न केला तर तेही कळतं. युरोपात अशा यंत्रणांसाठी ईएन ५०१३१ नावाचं मानक आहे, त्यात चार श्रेणी आहेत आणि घराला साधारण दुसरी पुरते. पैसे असतील तर हेच घ्यावं. पण पुरेसे सेन्सर धरून हिशोब वीस हजारांच्या पुढे गेला.

उरला चौथा, ज्याच्यावर बजेटवाली बहुतेक घरं येऊन थांबतात : सिमकार्ड आणि वायफाय दोन्ही असलेलं पॅनेल, आणि त्याच्याशी ४३३ मेगाहर्ट्झवर बोलणारे स्वस्त सेन्सर. याचं दुखणं आधी सांगतो. या सेन्सरमध्ये बहुधा ईव्ही१५२७ जातीची चिप असते. प्रत्येकाला वीस बिटांचा एक कोड, म्हणजे दहा लाखांवर निरनिराळे कोड होतात. पण एका सेन्सरचा कोड कायम तोच. तो हवेतून टिपून पुन्हा वाजवता येतो. रिमोटचंही तेच. आणि संवाद एकतर्फी असल्यामुळे मेलेला सेन्सर आणि शांत घर पॅनेलला सारखंच दिसतं.

तरी हेच घ्यायला सांगितलं. त्या गल्लीतला चोर पहार घेऊन आला होता, लहरी टिपणारं यंत्र घेऊन नाही. सोन्याच्या पेढीला मी हा सल्ला देणार नाही, तिथे चोर अभ्यास करून येतो. या घराचा खरा धोका होता बंद पडलेली बॅटरी आणि संपलेला रिचार्ज, आणि त्यावर पैशाशिवाय इलाज आहे.

सिमची भानगड

एम. जी. रोडवरच्या एका दुकानात पहिलं पॅनेल दाखवलं ते टूजीचं होतं. टूजी अजून चालू आहे, पण सगळ्या कंपन्यांचं नाही. जिओचं जाळं मुळात फोरजीपासून सुरू होतं, टूजी यंत्रात ते सिम नुसतं बसून राहतं. दाजींच्या घरी सगळे जिओवर. दुकानदाराने मग दुसरा खोका काढला, "साहेब, हा फोरजी आहे." फोरजी लिहिलंय म्हणजे कॉल होईलच असं नसतं. फोरजीवरून आवाजाचा कॉल जायला व्होल्टी लागतं, आणि काही पॅनेलमधला मोडेम नुसता डेटा चालवतो, कॉलसाठी टूजीवर उतरायला बघतो. म्हणून काउंटरवरच ताईच्या फोनातलं सिम त्यात घातलं, सेन्सरचं चुंबक बाजूला केलं आणि माझा फोन वाजतो का बघितलं. वाजला नाही. इंटरनेट मात्र चालू होतं, अ‍ॅपवर निरोप आला. खोका परत. तिसऱ्या पॅनेलने कॉल लावला, तेच घेतलं. दुकानदार वैतागला असणार, पण ही तपासणी घरी जाऊन करण्यात अर्थ नाही.

सिम घेताना बघायचं ते पॅनेल जिथे बसणार त्या भिंतीवर कुणाचं नेटवर्क चांगलं आहे. मळ्यावर काय मिळतं हा प्रश्न वेगळा, तो ताईच्या फोनचा. रिचार्जचं म्हणाल तर यात डेटा फारसा लागतच नाही. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला कंपन्यांना भाग पाडलं आणि मुदत वर्षापर्यंत वाढवली, ते इथे कामाला आलं. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज अलार्मच्या सिमला कधीही करू नये. छाटणीच्या धांदलीत कोण लक्षात ठेवणार?

बसवणं

पॅनेल दर्शनी भिंतीवर लावायची हौस असते. ते वरच्या खोलीत, दाराआड बसवलं. मधला एक स्लॅब ४३३ ची लहर सहज ओलांडते. लोखंडी कपाटापासून मात्र लांब ठेवलं. पॅनेलच्या पोटात स्वतःचा छोटा भोंगा असतो, तो सेटिंगमधून बंद केला, कारण तो वाजला की पॅनेल कुठे आहे हेच चोराला कळतं. बाहेरचा भोंगा वरच्या गॅलरीत, काकांच्या घराकडे तोंड करून, वायरने जोडला. भोंग्याच्या खोक्यावर लिहिलेले १०५ डेसिबल एक मीटरवरचे असतात. अंतर दुप्पट झालं की साधारण सहा कमी होतात, म्हणजे सोळा मीटरवर ऐंशीच्या जवळ. मध्ये बंद खिडकी आणि चालू पंखा आला की त्याचंही काय उरतं ते बघा. घरात लावलेला भोंगा गल्लीला ऐकू येत नाही तो यामुळे. वाजण्याची वेळ तीन मिनिटं ठेवली. जास्त वाजवला तर शेजार तुमच्या बाजूने राहत नाही.

दाराचे सेन्सर म्हणजे एका तुकड्यात चुंबक जवळ असलं की जोडलेला राहणारा रीड स्विच, दुसऱ्यात चुंबक. पुढे लोखंडी सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार अशी जोडी आहे. सेन्सर लाकडी दारावर लावला, कारण लोखंडाच्या चौकटीवर चुंबकाचं बळ पसरून जातं आणि फट थोडी वाढली तरी स्विच सुटतो. मागच्या दारालाही एक. तिसरा गच्चीच्या दाराला हवा होता. शेवटच्या रो हाउसला रिकाम्या प्लॉटच्या बाजूने गच्चीवर चढणं अवघड नाही, आणि गच्चीचं दार हे बहुतेक घरांतलं सगळ्यात कच्चं दार असतं. किटमध्ये दोनच सेन्सर होते, म्हणून दोन जास्तीचे घेतले : एक गच्चीला, एक सुटा. खिडक्यांना पक्के ग्रिल आहेत, त्यांना काही लावलं नाही.

हालचाल टिपणारा पीआयआर हॉलमध्ये, साधारण सात फुटांवर, कोपऱ्यात. हा सेन्सर स्वतः काही फेकत नाही. अंगातून निघणारी उष्णता समोरच्या भिंगपट्टीच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकली की त्याला कळतं. त्यामुळे त्याच्या दिशेने सरळ चालत येणारा माणूस उशिरा सापडतो, आडवा जाणारा लगेच. जिना आडवा येईल असा तो लावला : खालून वर जायचं किंवा गच्चीवरून खाली यायचं, त्याच्या पुढूनच. त्याची एक खोड उन्हाळ्यात दिसते. एप्रिलमध्ये बंद घर तापून आतली हवा पस्तीस-छत्तीसच्या पुढे गेली की माणूस आणि भिंत यांच्यातला फरकच उरत नाही आणि सेन्सर अर्धा आंधळा होतो. थंडीत, म्हणजे नेमकं छाटणी ते काढणीच्या हंगामात, तो उत्तम चालतो. दाजींच्या वेळापत्रकाचा हा एक फायदा. तरी भिस्त दारांवर ठेवली, पीआयआर मागचा पहारेकरी.

बसवल्यावर एक-दोन दिवस दुपारी चारच्या सुमाराला उगाच वाजला. पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरीप हॉलच्या चकचकीत फरशीवर पडत होती आणि ढग सरकला की फरशी तापायची, निवायची. सेन्सरचं तोंड थोडं वर आणि खिडकीपासून वळवलं, पडदा पाडून ठेवायला सांगितलं. पालीचं काय करायचं हा प्रश्न ताईने विचारला आणि तो विनोद नव्हता. पाल थेट भिंगावर आली तर सेन्सर वाजू शकतो. कोपरा सिलिकॉनने बुजवला, मागे बसायला जागा ठेवली नाही. पॅनेलमध्ये दोनदा हालचाल दिसली तरच वाजायची सोय आहे, तीही लावली.

आईंचा पहाटेचा चहा

यंत्रापेक्षा जास्त डोकं आईंच्या दिनक्रमाने खाल्लं. आई साडेचारला उठतात, मागचं दार उघडून बंबाला जाळ घालतात. ताई-दाजी मळ्यावर, आई घरी, अलार्म रात्रीच्या मोडवर : पहिल्याच पहाटे भोंगा वाजला. काका गॅलरीत आले, आईंनी त्यांनाच विचारलं, "काय हो, कुणाच्या घरी चोर आला?"

दाजींना वाटलं साडेचारला आपोआप बंद व्हायची वेळ लावावी. म्हणजे आई मळ्यावर असतील त्या दिवशीही घर साडेचारला मोकळं. ते केलं नाही. एक रिमोट आईंच्या उशाशी, देवाच्या पुस्तकावर ठेवला. त्याच्या चार बटणांपैकी तिघांवर चिकटपट्टी लावली आणि उघड्या कुलपाचं एकच ठेवलं. उठलं की ते दाबायचं, मग बाकी सगळं. आठवडाभर ताईने फोन करून आठवण दिली. पट्टीखालचं धोक्याचं बटण त्यांना वेगळं दाखवून ठेवलं : पडलात, घाबरलात, तर पट्टीवरूनच जोरात दाबा. ते दाबलं की भोंगा न वाजता फोन जातात. मला विचाराल तर या सगळ्या खर्चातलं सगळ्यात कामाचं बटण तेच आहे.

चाचणी

सगळं बसल्यावर घराचा मेन स्विच पाडला. पॅनेलने लाइट गेल्याचा एसएमएस सगळ्या नंबरांवर पाठवला, हे पास. बॅटरी आठ तास चालेल असं खोक्यावर होतं, पाच तासांच्या आतच मान टाकली. घरात इन्व्हर्टर आहेच, पॅनेलचा अडॅप्टर त्याच्या लाइनवर घेतला. मग राउटर बंद करून दार उघडलं, कॉल आला.

कॉलची गंमत मात्र चाचणीतच कळली. पॅनेल एकामागून एक नंबर लावतं, आणि कुणीतरी उचलला की पुढचे नंबर सोडून देतं. काकांचा फोन पहिला, त्यांच्या नातवाने उचलून "हॅलो" म्हटलं आणि ताईला फोन गेलाच नाही. एसएमएस सगळ्यांना जातो, तेवढाच आधार. तेव्हा काकांना सांगितलं की फोन आला की उचलून ठेवल्यावर ताईला स्वतः फोन करायचाच. सगळ्यांच्या फोनमध्ये पॅनेलचा नंबर "घर अलार्म" नावाने टाकला आणि आवडत्या नंबरांत घातला, म्हणजे रात्री फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवला तरी, आवडत्या नंबरांना सूट दिलेली असली की, हा एक वाजतो. नाव न टाकलेला नंबर रात्री अडीचला कुणीही कापतं.

हिशोब असा झाला : पॅनेल, एक पीआयआर, दोन दाराचे सेन्सर आणि दोन रिमोट मिळून ६,२०० रुपये, जास्तीचे दोन सेन्सर ९००, बाहेरचा भोंगा ८००, पुढचं कुलूप बसवून १,३००, अडसर ७००. एकूण ९,९००. सिमचा वर्षाचा रिचार्ज दाजींनी वेगळा धरला. यात मजुरी नाही, ती मी द्राक्षात घेणार आहे.

एकतर्फी सेन्सरचं दुखणं राहिलंच होतं, त्याला ताईने वार लावून दिलाय. दर शनिवारी अलार्म चालू करून ती एकेक दार उघडते आणि अ‍ॅपवर त्या दाराचं नाव येतं का बघते. पीआयआरसमोरून एकदा चालते. भोंगा त्या वेळी बंद ठेवते, महिन्यातून एकदा काकांना सांगून वाजवते. सेन्सरच्या बॅटऱ्या मरायची वाट न बघता दरवर्षी छाटणीच्या आधी सगळ्या एकदम बदलायच्या असं ठरलंय.

हा हंगाम कोरडा गेला, चोर आला नाही, त्यामुळे यंत्राने काही सिद्ध केलं असं मी म्हणणार नाही. गच्चीच्या दाराला पावसात काय होतं ते अजून बघायचंय. दार फुगलं आणि चुंबकाची फट बोटभर झाली तर सेन्सर दार बंद असूनही उघडं सांगेल. चौथा सेन्सर त्यासाठीच राखून ठेवलाय. जूनमध्ये तिथे पत्र्याची पन्हाळ लावून घ्या असं दाजींना सांगितलंय, आणि "आता त्याचे किती?" असं त्यांनी विचारलंय.